सोने खोटे, थंडी खरी

मिशिगन, मिनेसोटा किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात जानेवारी-फेब्रुवारीतल्या एखाद्या शनिवारी सकाळी एक विचित्र शर्यत सुरू होते. लाकडी घसरगाडी, तिला बांधलेले दोर आणि त्या दोरांना जुंपलेली सहा-सात मुले. ध्रुवप्रदेशात ज्या गाडीला कुत्रे जुंपतात, तिला इथे स्काऊटची टोळी जुंपलेली असते. गाडीवर ताडपत्री, घोंगड्या, कोरडी लाकडे, काडेपेटी, होकायंत्र, भांडे आणि प्रथमोपचाराची पेटी. बर्फातल्या वाटेवर ठरावीक अंतरावर ‘गावे’ वसवलेली असतात. त्यांची नावे डॉसन, स्कॅगवे, नोम अशी जुन्या सोन्याच्या वाटेवरची. प्रत्येक गावाला एक नगराध्यक्ष, म्हणजे जाड कोट घातलेला कोणाचा तरी बाप किंवा जुना स्काऊट. तो टोळीला काम सांगतो. इथे जाळ पेटवून वर ताणलेली सुतळी जाळा, तिथे पाय मोडलेल्या सोबत्याला गाडीवर बांधून आणा, पुढच्या गावात दोर आणि काठ्यांची तिकाटी उभी करा, त्याच्या पुढे बर्फाच्या भोकात पडलेल्याला बाहेर काढा. काम किती वेळात आणि किती नीट झाले ते पाहून नगराध्यक्ष सोनेरी रंग दिलेले खडे देतो. संध्याकाळी ज्यांच्या थैलीत जास्त खडे, ती टोळी पहिली.

या खेळाचे नाव क्लोंडाइक डर्बी. अमेरिकेतली स्काऊट पथके 1949 पासून तो खेळत आली आहेत. 2019 पासून त्यात मुलींची पथकेही आहेत, आणि 2025 मध्ये ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ या संस्थेचे नावही बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ झाले. दक्षिणेकडच्या ज्या राज्यांत बर्फ पडत नाही, तिथे गाडीला चाके लावून ती चिखलातून ओढतात. हौसेला मोल नसते.

मुलांसाठी मोठ्यांनी बनवलेल्या खेळांत मला हा फार वरच्या दर्जाचा वाटतो, आणि त्याच्याविषयी माझी तक्रारही आहे. तक्रार त्याच्या गुणपत्रिकेविषयी आहे. ती हाताचे कसब मोजते: गाठ, जाळ, करवत, होकायंत्र. थंडीत माणसे दगावतात ती सहसा गाठ मारता आली नाही म्हणून दगावत नाहीत. कधी थांबायचे, कधी कपडे बदलायचे, कधी मागे फिरायचे हे वेळेवर ठरवता आले नाही म्हणून दगावतात. ज्या गोष्टीसाठी मुलांना थंडीत न्यायचे, नेमक्या त्याच गोष्टीला तिथे खडा मिळत नाही.

थंडी शरीराशी काय करते ते पाहिले की हे नीट कळते. आपल्या शरीराचे तापमान साधारण 37 अंश सेल्सिअस. ते 35 च्या खाली उतरले की डॉक्टर त्याला धोक्याची अवस्था म्हणतात. पण तापमापी लावायच्या आधीच खुणा दिसू लागतात. मुलगा उगाच चिडतो, बोलताना शब्द गिळतो, हातातून वस्तू निसटतात, सपाट जागी अडखळतो. आणि यातला खरा घात असा की ज्याला हे होते त्याला ते कळत नाही. शरीराच्या आधी विवेक गारठतो. ‘मी ठीक आहे’ हे वाक्य थंडीत सर्वांत कमी भरवशाचे. त्यामुळे एकाची थंडी दुसऱ्यानेच ओळखावी लागते. टोळी हवी ती एवढ्यासाठी. गाडी ओढायला चार दणकट मुलेही पुरतील.

दुसरी गोष्ट घामाची. गाडी ओढत चढ चढला की उणे दहा अंशांतही मुले घामाघूम होतात. तोवर सगळे मजेत असते. मग पुढच्या गावाला आधीच दोन टोळ्या रांगेत असतात आणि हे सगळे वाऱ्यात वीस मिनिटे उभे राहतात. आतला सुती बनियन चिंब झालेला. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने शरीराची ऊब ओढून नेते. म्हणजे डर्बीतला धोका धावण्यात कमी आणि रांगेत जास्त. अनुभवी माणूस चढ लागायच्या आधीच कोटाची चेन उघडतो, एक थर काढून ठेवतो आणि वर पोचून थांबला की अंग गार पडायच्या आत तो पुन्हा चढवतो. हे करायला दोन मिनिटे लागतात. शर्यतीत दोन मिनिटांची किंमत एक-दोन खडे. चौदा वर्षांच्या मुलाला हा हिशेब लगेच कळतो, आणि तो चेन उघडत नाही.

आता ज्या इतिहासाच्या नावाने हा खेळ चालतो, तो पाहू. 16 ऑगस्ट 1896 रोजी कॅनडाच्या युकॉन भागात क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात सोने सापडले. ते शोधणाऱ्यांत टॅगिश जमातीचे स्कूकम जिम, म्हणजे त्यांच्या भाषेतले कीश, त्यांची बहीण केट, भाचा डॉसन चार्ली आणि केटचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक होते. शोधाची नोंद झाली ती कारमॅकच्या नावावर. पुढच्या जुलैत सोने भरलेली जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली आणि वेड पसरले. सुमारे एक लाख माणसे निघाली असे मानले जाते. त्यांतली तीस-चाळीस हजार तिथल्या डॉसन गावी पोचली, आणि पोचली तेव्हा चांगल्या ओढ्यांवरचे हक्क आधीपासून तिथे असलेल्या लोकांनी केव्हाच नोंदवून टाकले होते. सोने थोड्यांनाच मिळाले. मूळचे हान लोक, आजचे ट्रॉन्डेक ह्वेचिन, आपल्या मासेमारीच्या जागेवरून उठवले गेले आणि नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड नावाच्या गावी जाऊन राहिले. डर्बीतल्या गावांत मूसहाइड मात्र मला कुठे दिसलेले नाही.

या धावपळीतला सर्वांत शहाणा निर्णय कोणी घेतला असे विचारले तर मी एका सरकारी नियमाकडे बोट दाखवीन. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी युकॉनकडे जाणाऱ्या खिंडींच्या माथ्यावर ठाणी मांडली आणि वर्षभराचा शिधा सोबत असल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही असे ठरवले. शिधा, तंबू, हत्यारे मिळून तो बोजा जवळपास एक टन होई. चिलकूट खिंडीच्या शेवटच्या चढावर बर्फात पायऱ्या खोदलेल्या होत्या. पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलो घेऊन माणूस चढे, वर सामान ठेवी आणि पुन्हा खाली येई. एकाच माणसाला अशा तीस-चाळीस खेपा घालाव्या लागत. लोकांनी त्या नियमाच्या नावाने बोटे मोडली असणार. त्याआधी डॉसनमध्ये अन्न पुरणार नाही म्हणून घबराट उडाली होती, हे पोलिसांना माहीत होते. त्या नियमात शौर्य नव्हते, वेग तर नव्हताच. होता तो फक्त हिशेब.

आणि दुसरी घटना 3 एप्रिल 1898 ची. चिलकूटच्या वाटेवर बरेच दिवस ताजा बर्फ साचला होता आणि हवा उबदार होऊ लागली होती. तिथल्या मूळ रहिवासी हमालांनी वर जायला नकार दिला. हा डोंगर आज चढायचा नाही, असे त्यांनी इतरांनाही बजावले. तरी बरेच जण निघाले. बर्फाचा कडा कोसळला आणि साठाहून जास्त माणसे गाडली गेली. त्या वाटेवर सर्वांत जास्त ओझे वाहणारी, सर्वांत भराभर चढणारी, बर्फ ओळखणारी माणसे म्हणजे हे हमालच होते; आणि त्या दिवशी त्यांचे कौशल्य दिसले ते न जाण्यात. त्या सकाळी कोणी गुण देत बसले असते, तर या हमालांच्या नावापुढे शून्य पडले असते.

याच धावपळीत एकवीस वर्षांचा जॅक लंडन 1897 साली क्लोंडाइकला गेला, सोन्याऐवजी हिरड्यांचे दुखणे घेऊन परतला आणि पुढे त्याने त्या थंडीवर कथा लिहिल्या. त्याची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा बहुतेकांना 1908 ची म्हणून माहीत असते. एकटा निघालेला माणूस, सोबत कुत्रा, भिजलेले पाय. तो जाळ पेटवतो, चांगला पेटवतो, पण झाडाखाली. फांद्यांवरचा बर्फ कोसळून जाळ विझतो आणि माणूस मरतो. कमी लोकांना ठाऊक असते की लंडनने हीच कल्पना 1902 मध्ये मुलांच्या एका मासिकासाठी लिहिली होती आणि त्या कथेतला माणूस हातपाय गारठवून का होईना, वाचतो. मुलांसाठी लिहिताना लेखकाने त्याला आणखी एक जाळ पेटवू दिला. त्याची ती मुभा मला मान्य आहे. पण डर्बीच्या दृष्टीने 1908 चीच कथा जास्त उपयोगी आहे. त्या माणसाला जाळाच्या ठाण्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. काड्या बरोबर, रचना बरोबर, वेळ बरोबर. चुकली ती जागा, आणि त्याहून आधी चुकले ते एकटे निघणे.

मग स्काऊटच्या मुलांना निर्णय शिकवता येतो का? मला वाटते, येतो, आणि त्याची सोय या चळवळीच्या पायातच आहे. तिचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिला प्रायोगिक तंबू टाकला, तेव्हा सुमारे वीस मुलांच्या चार टोळ्या केल्या: लांडगे, बैल, कावळे आणि एका पाणपक्ष्याच्या नावाची चौथी. बड्या निवासी शाळांतली मुले आणि कष्टकरी घरांतली मुले त्यांत मिसळलेली होती. प्रत्येक टोळीचा नायक मुलगाच. टोळीची जबाबदारी मुलावर टाकायची आणि मोठ्याने दूर उभे राहायचे, ही त्या प्रयोगातली खरी नवी गोष्ट. गाठी आणि तंबू तर सैन्यालाही येत होते.

डर्बीत मोठी माणसे दूर उभी राहत नाहीत. नियम तसा असतो, पण बाप लोकांना राहवत नाही. गाडीच्या बाजूने चालता चालता ‘अरे, डावीकडून ओढा’, ‘आधी बारीक काड्या लाव’ असे सुरू होते. यात अमेरिकी, भारतीय असा भेद नाही. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या मराठी घरांतली मुलेही आता स्काऊटमध्ये असतात. तिथल्या आईची तऱ्हा वेगळी एवढेच. ती निघतानाच मुलाला एकावर एक तीन स्वेटर घालते आणि एकही काढायचा नाही असे बजावते. स्वेटरचा हेतू प्रेमळ असतो. त्या स्वेटरांखाली मूल पहिल्याच चढावर भिजते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. मुले लहान आहेत, जबाबदारी शेवटी मोठ्यांची. कोणाचे बोट गारठून काळे पडले तर टोळीनायकाला कोणी जाब विचारणार नाही, विचारतील पथकप्रमुखाला. मग मुलांचा निर्णय हे नाटकच नाही का? माझे उत्तर असे की डर्बीत सोने खोटे असते, गाव खोटे असते, मोडलेला पाय खोटा असतो. थंडी मात्र खरी असते. ती नगराध्यक्षाची ओळख पाहत नाही. ओल्या मोज्यांची शिक्षा ती दहा मिनिटांत देते, आणि शेकोटी, गाडी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना देते. शाळेत चुकीच्या उत्तराचे फळ निकालाच्या दिवशी मिळते, तेव्हा उत्तर आठवतही नसते. इतक्या लवकर, इतके निःपक्षपाती आणि तरी सांभाळता येईल असे उत्तर मुलांना दुसरीकडे फारसे मिळत नाही. म्हणून मोठ्यांनी तिथे असावेच. हात पाठीमागे बांधून असावे.

दुसरा आक्षेप स्पर्धेच्या बाजूने आहे. खडे नसतील तर उणे दहा अंशांत काठ्यांना दोर कोण बांधील? हे मला मान्य आहे. स्पर्धा काढून टाका असे मी म्हणत नाही. चुरस नसलेली डर्बी म्हणजे थंडीतली सहल, आणि थंडीतल्या सहलीला मुले दुसऱ्यांदा येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी नेतृत्व, एकजूट, उत्साह यांनाही गुण असतात, हेही मला माहीत आहे. पण प्रत्यक्षात काय होते? उत्साह म्हणजे टोळीची आरोळी किती मोठ्याने दिली. नेतृत्व म्हणजे नायक किती ओरडला. शांतपणे ‘थांबा, याचे हात बघा’ म्हणणारी मुलगी या रकान्यात कुठेच बसत नाही. स्पर्धा हवी असेल तर निर्णयाची स्पर्धा का लावू नये?

ते अवघड आहे, पण अशक्य नाही. समजा प्रत्येक गावात काम सांगण्याआधी नगराध्यक्षाने टोळीला पाच मिनिटे दिली आणि घड्याळ थांबवले. त्या वेळात टोळीने आपल्यातल्या प्रत्येकाचे हात, मोजे, पाण्याची बाटली तपासायची. कोणी ओला सापडला आणि टोळीने स्वतःहून त्याचे कपडे बदलले तर पूर्ण खडा. नगराध्यक्षाला सांगावे लागले तर अर्धा. लपवाछपवी केली तर काही नाही. एवढ्याने चढाआधी चेन उघडण्याचा हिशेब उलटा होतो. एखादे गाव असे असावे की जिथे बरोबर उत्तर ‘नाही’ हेच आहे. गोठलेल्या तळ्याच्या काठावर मोठ्यांनी आधी पाडून ठेवलेले भोक, हातात पट्टी. नव्या, स्वच्छ बर्फावरून एका माणसाने पायी जायला निदान चार इंच जाडी हवी, असे मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग सांगतो. टोळीला त्याहून जास्त लागेल. टोळीने मोजावे, आपसांत बोलावे आणि वळसा घ्यायचा की नाही ते ठरवावे. वळशाला लागणारा वेळ शर्यतीच्या वेळेतून वजा करावा. दरवर्षी तोच डाव ठेवला तर मुले तो पाठ करतील, म्हणून एखाद्या वर्षी बर्फ खरेच जाड असावा.

बर्फाच्या भोकातून सुटकेचे ठाणे तर आजही असते. पण तिथे दोर किती नेमका फेकला याला गुण. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी एक सोपा हिशेब सांगितला आहे: पहिले एक मिनिट श्वास आवरायला, पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला जवळजवळ एक तास असतो. घाबरलेल्या वाचवणाऱ्याला वाटते, सेकंद उरलेत. म्हणून तो स्वतः बर्फावर धावतो आणि दुसरा बळी जातो. हा हिशेब माहीत असलेली टोळी आधी ओरडून धीर देते, मग काठी पुढे करते, ती पोचली नाही तर दोर फेकते, आणि बर्फावर पाऊल टाकत नाही. इथे गुण द्यायचेच तर पहिल्या तीस सेकंदांत टोळीने काय केले नाही यालाही द्यावेत.

थंडीच्या या हिशेबीपणाशी स्काऊटचे नाते जुने आहे. 1928 मध्ये अमेरिकी शोधक रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकावर निघाला, तेव्हा त्याने सोबत एक स्काऊट घ्यायचे ठरवले. देशभरातून निवड झाली ती पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावच्या एकोणीस वर्षांच्या पॉल सिपलची. हाच सिपल पुढे शास्त्रज्ञ झाला. 1941 मध्ये चार्ल्स पॅसल या सहकाऱ्याबरोबर त्याने अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या छोट्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगले आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजले. वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचे गणित तिथून आले. 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र सुधारले, पण हवामान खात्याच्या बातमीत आजही जो ‘जाणवणारी थंडी’चा आकडा सांगतात त्याचे मूळ हेच. बाहेर जायचे की नाही हे कोट्यवधी लोक ज्या आकड्यावरून ठरवतात, तो एका स्काऊटने दिलेला आहे. त्याच्या इतक्या वर्षांच्या अंटार्क्टिकातल्या मुक्कामांत शौर्य पुष्कळ होते. उरला तो आकडा.

हा प्रश्न परदेशातल्या बर्फापुरता नाही, म्हणून मराठी वाचकासमोर मांडतो आहे. आपल्याकडच्या स्काऊट-गाइड मेळाव्यांत प्रवेशद्वार, तंबूची आखणी, काठ्यांची उपकरणे यांना गुण असतात आणि परीक्षक यायच्या आदल्या रात्री ती गुरुजींनीच नीट बांधून दिलेली असतात, हे ज्यांनी मेळावे केलेत त्यांना सांगायला नको. आणि आता तर डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईची पोरे उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फात जातात. साडेबारा हजार फूट उंची, पहाटेच्या अंधारात चढाई, वर पोचल्याचा फोटो, परतल्यावर प्रमाणपत्र. तब्येत बिघडल्याचे ओळखून मधल्या मुक्कामावरून खाली आलेल्या मुलीला आपण ‘काय गं, राहिलंच का?’ असे विचारतो. तिच्यासोबत खाली उतरलेल्या मैत्रिणीला तर काहीच विचारत नाही.

डर्बी भरवणाऱ्या पथकप्रमुखांनी, मेळाव्याच्या परीक्षकांनी आणि ट्रेक काढणाऱ्या मंडळींनी गुणपत्रिका छापायला देण्याआधी तिच्यात एक रकाना वाढवावा: टोळीने स्वतःहून थांबण्याचा, बदलण्याचा किंवा परतण्याचा निर्णय घेतला का, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून. एकूण गुणांपैकी निदान तिसरा हिस्सा त्याला द्यावा. त्याहून कमी ठेवला तर मुले तो सोडून देतील, कारण हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो.